खिडकीतून २२० केव्हीच्या तारा दिसतात. घर घ्यावं का?

चाफा
नमस्कार. जरा लांबण लागेल, पण तीन रात्री नीट झोप नाही, म्हणून लिहितेय.

पुण्याच्या कडेला दोन बेडरूमचं रिसेलचं घर बघितलंय. तिसरा मजला, भरपूर उजेड, मुलीची शाळा चालत दहा मिनिटांवर. टोकन दिलंय, साठेखत बाकी आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा भर दुपार होती आणि पडदे ओढलेले होते. दुसऱ्यांदा संध्याकाळी गेलो, लहान बेडरूमची खिडकी उघडली, तर कुंपणापलीकडे समोरच हायटेन्शनच्या तारा. पाऊस भुरभुरत होता आणि तारांतून सारखी चरचर ऐकू येत होती, कढईत पापड सोडल्यावर येते तशी. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिनं विचारलं, "आई, तिथे कोण बोलतंय?" मला काही उत्तर सुचेना.

एजंट म्हणतो, सगळेच राहतात की. नणंद म्हणते, टोकनवर पाणी सोड, पोरीच्या जिवापेक्षा काही मोठं नाही. मी फोनवर चुंबकीय क्षेत्र मोजायचं ॲप टाकलं, तर त्या खिडकीत ४३ मायक्रोटेस्ला आलं. वाचलं तर मुलांसाठी ०.४ च्या वर धोका म्हणतात. म्हणजे शंभर पट! कुणाला यातलं खरंच कळत असेल तर सांगा. धीर देण्यापुरतं नको, जे आहे ते सांगा.

वायरमन_काका
चाफाताई, आधी त्या ४३ चं बघू. आत्ता जिथे राहता तिथे, तारांपासून लांब मोकळ्या जागी जाऊन तेच ॲप पुन्हा लावा. चाळीस-पंचेचाळीसच्या आसपासच आकडा येईल. ते पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व आहे. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी बसवलेला असतो, स्थिर क्षेत्राची दिशा कळावी म्हणून. तारांचं क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं. ते त्या ॲपवर धड दिसतच नाही. आणि ०.४ ची जी चर्चा आहे ती या पन्नास हर्ट्झच्या क्षेत्राची, पृथ्वीच्या नव्हे. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

मी एकतीस वर्षं सबस्टेशनमध्ये काढली. चरचर होते तिला आम्ही करोना म्हणतो. तारेभोवतालची हवा जास्त विद्युतदाबामुळे, म्हणजे व्होल्टेजमुळे, थोडी फुटते. तारेवर पाण्याचे थेंब लटकले की जास्तच. त्याचा चुंबकीय क्षेत्राशी संबंध नाही. आवाज मोठा म्हणजे क्षेत्र मोठं, असं समजू नका.

लाइनजवळ दोन वेगळ्या गोष्टी असतात. विद्युत क्षेत्र दाबामुळे येतं. २२० केव्ही, म्हणजे दोन लाख वीस हजार व्होल्ट, दिवसरात्र २२० च असतं, त्यामुळे ते फारसं बदलत नाही, आणि विटांची भिंत ते बऱ्यापैकी अडवते. चुंबकीय क्षेत्र प्रवाहामुळे, म्हणजे अँपिअरमुळे येतं. भार वाढला की वाढतं, उतरला की उतरतं, आणि ते भिंतीला जुमानत नाही. म्हणून दुपारी दोनला मोजलेलं आणि रात्री नऊला मोजलेलं एक येणार नाही. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सगळे टॉवरला घाबरतात. पण दोन टॉवरच्या मधोमध तारेला झोळ पडतो, तिथे ती सगळ्यांत खाली असते. जमिनीलगत क्षेत्र सगळ्यांत जास्त तिथेच.

अंतर किती आहे? टॉवरपासून नको, सगळ्यांत जवळच्या तारेपासून खिडकीपर्यंतचं आडवं अंतर सांगा.

अंगणवेल
विषय सोडून एक सांगते, राहवत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असं ठरल्यावर त्यांच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. आमच्या आजोळाहून समुद्राकडे जाताना ती वेधशाळा लागते. लहानपणी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. विजेच्या तारांचं क्षेत्र काकांनी सांगितलेल्या पृथ्वीच्या क्षेत्रात कशी ढवळाढवळ करतं, ते आपल्याकडे तेव्हापासून माहीत आहे.

चाफा
काका, खरंच! आमच्या सध्याच्या घराच्या गच्चीवर ४२ आलं. निम्मं ओझं उतरलं.

अंतर: आर्किटेक्ट भावाकडून लेझर टेप आणला होता. कुंपण इमारतीपासून नऊ मीटर, आणि सगळ्यांत जवळच्या तारेपर्यंतचं आडवं अंतर अंदाजे २४ मीटर. तारा साधारण चौथ्या-पाचव्या मजल्याच्या उंचीवर.

वायरमन_काका
मग सुरक्षित अंतराची चिंता नाही. विद्युत सुरक्षेच्या नियमांप्रमाणे ३३ केव्हीच्या वरच्या लाइनला इमारतीपासून आडवं अंतर २ मीटर, आणि पुढच्या प्रत्येक ३३ केव्हीला किंवा त्याच्या काही भागाला ०.३ मीटर जास्त. २२० ला ३.८ मीटर होतं. उभं अंतर ५.५ मीटर. शिवाय २२० केव्हीचा मार्ग आमच्या काळी एकूण ३५ मीटर रुंद धरायचे, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना साडेसतरा. त्या पट्ट्यात बांधकाम नको. मंजूर नकाशात हा पट्टा दाखवलेला असतो. वकिलाला तो नकाशा मागवायला सांगा आणि मालकानं गॅलरी पुढे काढलेली नाही ना, तेही बघा.

या नियमावर मी एवढा भर का देतो ते सांगतो. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका बांधकामावर आम्हाला बोलावणं आलं. १३२ च्या लाइनखाली गच्चीवर एक पोरगा सळई उभी करत होता. सळई तारेला टेकलीसुद्धा नव्हती. हातभर अंतरावरून वीज उडाली. सळईच्या टोकाला वाटाण्याएवढा वितळलेला गोळा होता, आणि स्लॅबवर त्याची एक चप्पल चिकटलेली. तारांनी माणसं मरतात ती अशी. पतंगाचा मांजा काढताना, गच्चीवर पत्रा चढवताना, झाडाची फांदी तोडताना. चुंबकीय क्षेत्राची चर्चा जरूर करा, पण मुलीला गच्चीवर पतंग उडवू देऊ नका, हे माझं पहिलं सांगणं.

आकडेमोड
मी सार्वजनिक आरोग्यात आकडेवारीचं काम करते. चाफानं "जे आहे ते सांगा" म्हटलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

हा प्रश्न निघाला १९७९ मध्ये, अमेरिकेत, डेन्व्हरला. नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी कॅन्सर झालेल्या मुलांची घरं पाहिली आणि घराबाहेरच्या तारा किती जाड, किती जवळ, यावरून घरांची प्रतवारी केली. जास्त प्रवाहाच्या तारांजवळच्या घरांत ती मुलं जास्त आढळली. त्यांनी क्षेत्र मोजलं नव्हतं, तारांवरून अंदाज केला होता. त्यानंतर देशोदेशी अभ्यास झाले, आणि एकट्या अभ्यासात एवढ्या जवळ राहणारी मुलं मोजकीच सापडत असल्यानं निष्कर्ष हेलकावे खात राहिले.

म्हणून २००० मध्ये आल्बोम आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांचे मूळ आकडे एकत्र केले. सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेली ३,२०३ मुलं आणि तुलनेसाठी १०,३३८ निरोगी मुलं होती. या गटात धोका वाढलेला दिसला नाही. ०.४ किंवा त्याहून वर ल्युकेमियाची ४४ मुलं होती आणि निरोगी ६२. तिथे धोका दुप्पट आला. तुम्ही वाचलेला ०.४ इथला आहे. सगळा डोलारा त्या ४४ मुलांवर उभा आहे, हे लक्षात घ्या. खोटं म्हणून सोडून द्यावं इतका हा आकडा फुसका नाही आणि छातीठोक सांगावं इतका मोठाही नाही. शिवाय तो दिवसरात्रीच्या सरासरीचा आहे, एका क्षणाचा नव्हे.

२००१ मध्ये कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, ल्योंला, या क्षेत्राला "२ब" वर्गात घातलं: कॅन्सरकारक असण्याची शक्यता आहे, पुरावा मर्यादित. याच वर्गात लोणच्याच्या भाज्याही आहेत असं लोक सांगतात. ते चीन-कोरिया-जपानकडच्या पारंपरिक खारवलेल्या भाज्यांबद्दल आहे, आपल्या कैरीच्या लोणच्याबद्दल नव्हे.

आता दुप्पट म्हणजे किती? युरोप-अमेरिकेत बालपणी ल्युकेमिया होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात चारच्या आसपास आहे. धोका खरंच दुप्पट होत असेल तर चारचे आठ. पंधरा वर्षांचा हिशेब केला तर लाखात साठऐवजी एकशेवीस. आईच्या कानाला "दुप्पट" किती भयंकर लागतं ते मला कळतं, मलाही दोन मुलं आहेत. पण घराचा निर्णय घेताना लाखातला आकडा समोर ठेवायला हवा.

आणि ज्यामुळे माझं स्वतःचं मत बदललं ती गोष्ट. ब्रिटनमध्ये २००५ मध्ये ड्रेपर यांचा मोठा अभ्यास आला. जन्माच्या वेळी हाय व्होल्टेज लाइनपासून २०० मीटरच्या आत घर असलेल्या मुलांत ल्युकेमियाचा धोका १.६९ पट. पण २०० ते ६०० मीटरवरही तो १.२३ पट दिसत होता, आणि तिथपर्यंत लाइनचं चुंबकीय क्षेत्र पोचतच नाही. २०१४ मध्ये त्याच मालिकेत आणखी वर्षांची भर पडली. २०० मीटरच्या आतला धोका १९६० च्या दशकात ४.५ पट होता, तो उतरत २००० च्या दशकात ०.७१ वर आला, म्हणजे वाढ उरलीच नाही. क्षेत्रच कारण असतं तर तो धोका दर दशकाला असा विरत गेला नसता. लाइनजवळ कोण राहायला येतं, वस्ती कशी बदलते, यात काहीतरी दडलं असावं. शिवाय एवढ्या कमी ताकदीच्या क्षेत्रानं पेशीत नेमकं काय बिघडतं, ते प्रयोगशाळेत कुणालाही दाखवता आलेलं नाही.

अधिकृत मर्यादा वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. अशा क्षेत्रांच्या मर्यादा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं (ICNIRP) १९९८ मध्ये सामान्य लोकांसाठी १०० मायक्रोटेस्ला सांगितली होती, २०१० मध्ये २०० केली. मज्जातंतूंवर होणारा तात्काळ परिणाम टाळण्यासाठीची ती मर्यादा आहे. तुमच्या खिडकीत त्याच्या जवळपासही काही येणार नाही. पण "१०० च्या खाली आहे, विषय संपला" असं कुणी म्हणालं तर तेही अर्धवटच, कारण दीर्घकाळाच्या प्रश्नाला तो आकडा उत्तर देत नाही.

दूरचा_पाहुणा
मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे २००५ मध्ये सरकारनं नगरपालिकांना सल्ला दिला की नवीन घरं, शाळा, पाळणाघरं अशा जागी बांधू नका जिथे लाइनमुळे वार्षिक सरासरी ०.४ च्या वर जाते. धोका सिद्ध झाला म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून. जी घरं आधीपासून आहेत ती रिकामी करा असं मात्र म्हटलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये नवीन लाइनला, मुलं आणि माणसं जिथे जास्त वेळ असतात तिथे १ मायक्रोटेस्ला, इटलीत नवीन कामांसाठी ३. प्रत्येकानं आपापल्या कुवतीप्रमाणे रेघ ओढलीय.

मला हे शहाणपणाचं वाटतं. नवीन बांधताना चार पावलं मागे सरायला फारसा खर्च नसतो. आपल्याकडे लाइन आधी येते आणि इमारती नंतर तिला जाऊन बिलगतात, ते थांबवायला हवं. लाइन जमिनीखाली घ्या अशी मागणीही होते. तारा जवळ-जवळ आल्यानं क्षेत्र लवकर ओसरतं हे खरं, पण केबलच्या अगदी वर उभं राहिलं तर ते वरच्या तारांपेक्षा जास्तही असू शकतं. त्या पट्ट्यावर बालवाडी नको.

सावली
मी इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या भाच्याला पाचव्या वर्षी ल्युकेमिया झाला. आमच्या घरामागून अशीच लाइन जाते. परळला उपचार झाले, अडीच वर्षं ये-जा केली. आता तो बारा वर्षांचा आहे, क्रिकेट खेळतो, देवाची कृपा. पण माझी बहीण अजून रात्री मागच्या खिडकीशी उभी राहते. तिला वाटतं, आपण हे घर घेतलं म्हणून झालं. आकडेमोड ताई, मी तिला काय सांगू?

आकडेमोड
सावली, आधी भाचा बरा आहे हे वाचून फार बरं वाटलं.

बहिणीला हे सांगा. मुलांच्या ल्युकेमियाचं कारण बहुतेक वेळा कुणालाच सापडत नाही. वरची दुप्पट ही गोष्ट खरी धरली आणि घरात क्षेत्र ०.४ च्या वर होतं असं मानलं, तरी अशा दोन मुलांपैकी एकाला तारा नसत्या तरी हा आजार झालाच असता. तो एक कोण, हे सांगता येत नाही. आणि धोका मुळात क्षेत्राचा नसेल, जे २०१४ च्या आकड्यांवरून मला जास्त संभवनीय वाटतं, तर घराचा काही दोषच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये हिशेब केला होता: क्षेत्र खरोखर कारण असेल असं धरलं तरी जगभरात वर्षाला १०० ते २,४०० रुग्ण त्यामुळे असतील, म्हणजे एकूण रुग्णांच्या ०.२ ते ४.९५ टक्के. उरलेल्या सगळ्या मुलांच्या आयाही अशाच खिडकीशी उभ्या राहतात आणि त्यांच्या खिडकीबाहेर तारा नसतात.

घर निवडणं हा गुन्हा नव्हता. हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे.

चाफा
सावलीताई, तुमचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

मोजमाप झालं. ओळखीतून एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तीन अक्षांचा गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) आठवडाभरासाठी मिळाला. घरमालक भला माणूस, रविवारी दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा आत येऊ दिलं. सगळे आकडे मायक्रोटेस्लात. लहान बेडरूम, खिडकीत: दुपारी ०.६, रात्री नऊला ०.९. त्याच खोलीत पलंगाच्या जागी ०.५ आणि ०.७. मोठी बेडरूम दुसऱ्या टोकाला, ०.१५.

मग कोडं पडलं. स्वयंपाकघर तारांपासून उलट लांब, पण तिथल्या एका भिंतीशी १.८! फ्रिज बंद केला, मिक्सरचा प्लग काढला, काही फरक नाही. चार पावलं मागे आले तरी ०.४ च्या खाली जाईना. त्या भिंतीमागे इमारतीची विजेची डक्ट आहे.

वायरमन_काका
शाब्बास, नीट मोजलंत. मीटर एकाच अक्षाचा असता तर तीन दिशांनी धरून तिन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढावं लागलं असतं, इथे कुणी तसा घेतला तर लक्षात ठेवा.

स्वयंपाकघराचं कोडं सुटेल. मोटर, मिक्सर, ट्रान्सफॉर्मर यांच्यात वेटोळं असतं, त्यांचं क्षेत्र हातभर मागे सरलं की झपाट्यानं पडतं. तुमचं हळूहळू उतरतंय. म्हणजे एकट्या तारेसारखा प्रवाह वाहतोय. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह शेजारच्याच न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) परत आला तर दोन्हींची क्षेत्रं एकमेकांना मारतात. न्यूट्रल कुठे अर्थला जोडला गेला असेल तर काही प्रवाह पाण्याच्या नळातून किंवा अर्थच्या पट्टीतून परत जातो, आणि मग मारायला समोर कुणी उरत नाही. चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून त्याभोवती क्लॅम्पमीटर, म्हणजे प्रवाह मोजायचा चिमटा, लावायचा. शून्याच्या जवळ यायला हवं. अँपिअर दाखवले तर चोर तिथेच आहे. हे सोसायटीला सांगाच, कारण यात शॉकचा धोका आहे.

ब्रिटनमध्ये ०.४ च्या वरची घरं शोधून तपासली तेव्हा त्यातल्या अर्ध्याहून जास्त घरांत कारण मोठी लाइन नव्हती, इमारतीतली आणि गल्लीतली साधी वायरिंग होती. आपण खिडकीबाहेर बघत बसतो.

चाफा
काका, सहा अँपिअर! सेक्रेटरी आधी कुरकुरले, पण क्लॅम्पमीटरवरचा आकडा स्वतः पाहिल्यावर गप्प झाले. दुसऱ्या मजल्याच्या बोर्डात कुणीतरी कधीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकाच पट्टीला जोडून ठेवले होते. इलेक्ट्रिशियननं वेगळे केले, अर्ध्या तासाचं काम. त्या भिंतीशी आता ०.२ येतंय. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या यायच्या, वर्षभर सांगत होते, कुणी ऐकलं नाही.

काल साठेखत झालं. मुलगी मोठ्या बेडरूममध्ये आमच्याबरोबर झोपेल, पुढेही तीच खोली तिची. लहान खोलीत नवऱ्याचं टेबल, खिडकीसमोरच्या भिंतीला. सासूबाई आल्या की तिथे झोपतील, त्यांचं काही?

आकडेमोड
मोठ्या माणसांबाबतचा पुरावा मुलांपेक्षा बराच कच्चा आहे. खुशाल झोपू दे.

वायरमन_काका
गच्चीवर कपडे वाळत घालायची तार लोखंडी असेल तर काढून नायलॉनची दोरी लावा. लाइनजवळ लांब धातूच्या तारेत दाबामुळे भार साचतो आणि हात लावला की चटका बसतो. जीव जात नाही, पण दचकून माणूस पडतो. खिडकीच्या ग्रिलला अर्थिंग करून घ्या.

सावली
बहिणीला सगळा धागा वाचून दाखवला. आकडेमोड ताईंचं उत्तर तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, आपल्या घरीही एकदा मोजूया. भाच्याची धाकटी बहीण मागच्या खोलीत झोपते. चाफाताई, तो मीटर अजून तुमच्याकडे आहे का?

चाफा
शुक्रवारी परत द्यायचाय. गुरुवारी घेऊन येते, तुम्ही फक्त पत्ता निरोपातून कळवा. रात्री साडेआठला येऊ का? तेव्हा भार जास्त असतो.